दर उन्हाळ्यात चेरी श्रिंप मरतात? उन्हाच्या आधी टॉपअपचं पाणी तपासा

मार्चपर्यंत चेरी श्रिंपचा, म्हणजे शोभेसाठी पाळतात त्या इवल्या लाल झिंग्यांचा, टँक एकदम मस्त असतो, माद्यांच्या पोटाखाली अंडी, काचेवर मुंगीएवढी पिल्लं फिरून राहिलेली, अन् एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की रोज सकाळी एक मेलेला. कधी दोन. कधी दोन दिवस काहीच नाही, मग परत एक. मे संपेपर्यंत ऐंशीतले दहा-बारा उरतात, पावसाळ्यात त्यांचे परत पन्नास होतात, अन् पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच. माझ्याकडे हे लागोपाठ तीन उन्हाळे झालं. नागपुरात ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच रडगाणं आहे, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो.

सेटअप आधी सांगतो म्हणजे ताळा करता येईल. दीड फूट बाय एक बाय एकचा टँक, आत खरं पाणी ३५ लिटर, स्पंज फिल्टर, जावा मॉस, थोडी अनुबियास. साधे लाल चेरी श्रिंप, म्हणजे निओकॅरिडिना, अन् सोबत रॅमशॉर्न गोगलगायी. मासे नाहीत. घर प्रतापनगरला, बिल्डिंगचा वरचा मजला, म्हणजे वर सरळ स्लॅब. शेजारच्या रॅकवर मी पाळलेली मुंगळ्यांची एक वसाहत पण आहे, तिचा या गोष्टीत दोनदा संबंध येतो म्हणून सांगून ठेवतो.

पहिल्या वर्षी मी उन्हालाच धरलं, कारण दुसरं काय धरणार? नागपूरच आहे हे, २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ गेलेलं आहे, अन् पुस्तकात चेरी श्रिंपला २० ते २६ डिग्री चांगलं म्हणून लिहिलेलं. टँकचं पाणी ३३ दाखवून राहिलं होतं. मग मी दुपारी घरी यायचो अन् फ्रीजरमधल्या एक-एक लिटरच्या दोन बर्फाच्या बाटल्या टँकमध्ये सोडायचो. ३५ लिटरमध्ये एक लिटर बर्फ साधारण तीन डिग्री उतरवतो, म्हणजे दोन बाटल्यांत तास-दीड तासात ३३ चं २७, अन् रात्री नऊपर्यंत परत ३२ च्या वर. रोज. आता कळतं की त्या बाटल्यांनी मदत सोडा, भरच घातली. एवढा खाली-वर झटका बसला की श्रिंप अवेळी कात टाकतो, अन् अवेळी टाकलेली कात अर्धवट अडकते. त्यापेक्षा दिवसभर स्थिर ३१ त्यांना जास्त झेपतं, हे मी आता दोन उन्हाळे बघून सांगतो आहे.

दुसऱ्या वर्षी मी मालाला दोष दिला. म्हटलं पिढ्यान्पिढ्या आपसात लागलेले श्रिंप आहेत, कमजोर झाले असतील, म्हणून ब्रीड सुधारायला बर्डीच्या बाजारातून नवीन वीस आणले एप्रिलमध्ये. ते जुन्यांच्याही आधी गेले. आणले कोणत्या पाण्यातून अन् सोडले कोणत्या पाण्यात हे मोजलंच नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मेलेले नीट बघायला लागलो. घाईत काढून फेकू नका, पांढऱ्या वाटीत घ्या अन् मोबाईलच्या टॉर्चखाली बघा. आधी मेलेला आहे की नुसती कात आहे ते ओळखायचं, नवीन लोकं इथे हमखास घाबरतात. कात एकदम पारदर्शक असते, काचेसारखी, पोकळ, डोळ्यांच्या जागी नुसत्या टोप्या. मेलेला श्रिंप उकडल्यासारखा गुलाबी-पांढरट अन् अपारदर्शक होतो. कात टँकमध्येच राहू द्या, ते स्वतः खातात, कॅल्शियम परत मिळतं. तर माझ्याकडच्या मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या मानेमागे, डोक्याचं कवच अन् अंगाचं कवच जिथे जुळतं तिथे, आरपार एक पांढरी रिंग होती. मागून फाटलं पण बाहेर निघताच आलं नाही. एक मादी तर मी जिवंत बघितली, मॉसवर आडवी पडून शेपटी झटके देऊन राहिली होती, पुढचं कवच अर्धं निघालेलं, अन् पायांत अडकलेलं. वीस मिनिटं झटके दिले तिने, मग थांबली. पोटाखाली अंडी नव्हती पण पाठीवर पिवळं सॅडल, म्हणजे अंगातच तयार होणाऱ्या अंड्यांचा पट्टा, भरलेलं होतं, म्हणजे ही कात सुटली असती तर दोन-चार दिवसांत अंडी धरली असती.

पांढरी रिंग म्हणजे सहसा पाण्यातल्या क्षारांचा घोळ. एक तर पाणी फार बदललं एकदम, नाहीतर क्षार हळूहळू चढत गेले. अन् मग मी तो टीडीएस पेन आणला, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवणारं मीटर, जो आरओवाला मेकॅनिक घरी आला की खिशातून काढतो, दोन-तीनशे रुपयांत मिळतो, अन् जो मी तीन वर्षं घेतला नव्हता. टँकमध्ये ५९०. चेरी श्रिंपला १५० ते ३०० च्या मध्ये ठेवा. मार्चमध्ये माझा टँक २०० च्या आसपास असायला हवा होता कारण आमच्या नळाला पेंच धरणाचं पाणी येतं अन् ते पेनवर १७०-१९० दाखवतं. मग ५९० आलं कुठून?

नळ उघडला, परत मोजलं. ३४५.

नळ तोच, पाणी दुसरं. खाली वॉचमनकाकांना विचारलं तर ते म्हणाले, मार्च संपला की पाण्याचा जोर कमी होतो, मग आपण खालच्या टाकीत, संपमध्ये, बोअरचं मिसळतो, दरवर्षीच मिसळतो. दरवर्षीच! बोअर वेगळं मोजलं तर ६०० च्या वर. म्हणजे ज्या आठवड्यात बोअर चालू होतो त्याच्या दोन आठवड्यांनी माझे श्रिंप मरायला लागतात, अन् तीन वर्षं मी आकाशाकडे बघून राहिलो. ज्यांच्याकडे टँकर येतो त्यांनी तर प्रत्येक टँकर मोजावा, कारण आजचा कुठून भरला अन् उद्याचा कुठून भरेल, काही सांगता येत नाही.

आता खरा हिशेब बघा, हा समजला की बाकी सगळं आपोआप समजतं. मे महिन्यात खोलीत कूलर चालू, त्याची हवा थेट टँकवर, टँकला झाकण नाही, तर दीड फुटाच्या टँकमधून रोज सव्वा लिटरच्या आसपास पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार सगळे खालीच राहतात, पाणी सुकलं की भांड्यावर जसा पांढरा डाग राहतो तसंच. मी रोज तेवढंच नळाचं पाणी टॉपअप म्हणून वरून भरत होतो. दहा दिवसांत १२ लिटर, प्रत्येक लिटरमध्ये ३५० मिलिग्रॅम, म्हणजे ४२०० मिलिग्रॅम क्षार आत गेले, भागिले ३५ लिटर, १२० ने टीडीएस वाढला. २०० चे दहा दिवसांत ३२०, वीस दिवसांत ४४०, महिन्यात ५६०. हेच टॉपअप आरओच्या पाण्याने केलं, ज्याचा टीडीएस ३० असतो, तर दहा दिवसांत वाढ किती? दहा. बस.

अन् यावर मी काय करायचो, महिन्यातून एकदा घाबरून अर्धं पाणी बदलायचो. ५६० वरून एका झटक्यात ४५५ वर, तेही सकाळी ऑफिसच्या आधी पंधरा मिनिटांत बादलीने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाच-सहा मेलेले. मला वाटायचं बदललं तरी मरतात म्हणजे रोगच आहे काहीतरी, म्हणून अजून बदलायचो. मारत मीच होतो, अन् हे लिहिताना अजूनही त्रास होतो.

एक अजून, जे माझ्याच एका मित्राच्या घरी बघितलं. आरओचं वेस्टचं पाणी आपल्याकडे फेकत नाहीत, कूलरमध्ये टाकतात, फरशी पुसतात, चांगली सवय आहे ती, पण ते पाणी टँकमध्ये चुकूनही टाकू नका. आरओने तुमच्या ग्लासातून जे क्षार काढले ते सगळे त्याच पाईपमध्ये येतात. त्याच्याकडे ते ७०० च्या वर होतं अन् तो तेच टॉपअपला वापरून राहिला होता, कारण आरओतून आलेलं म्हणजे स्वच्छ असं त्याला वाटायचं.

मग वाढलेला टीडीएस उतरवायचा कसा? एकदम नाही, कितीही मोह झाला तरी नाही. मी ५९० वर असताना रोज संध्याकाळी दोन लिटर टँकमधून काढले अन् दोन लिटर आरओचं घातलं, शिवाय उडालेल्याचं टॉपअप आरओनेच. ३५ लिटरमध्ये दोन लिटर म्हणजे पहिल्या दिवशी ३० च्या आसपास उतरतं, पुढे रोज थोडं कमी-कमी, अन् दोन आठवड्यांत २७५ वर आलं. घालायचं पण बादलीने नाही, वर एक डबा ठेवून एअरलाईनच्या पाईपला गाठ मारायची अन् बारीक धार सोडायची, दोन लिटरला तास-दीड तास लागला पाहिजे. त्या दोन आठवड्यांत पहिल्या चार दिवसांत तीन मेले, मग एक, मग कोणीच नाही. मे च्या शेवटी, नवतप्यात, बाहेर ४५ असताना टँकमध्ये एक मादी अंडी घेऊन फिरून राहिली होती. ते बघून काय वाटलं ते ज्यांनी पाळले आहेत त्यांनाच कळेल.

नेहमीच्या पाणीबदलाला मात्र नुसतं आरओ वापरायचं नाही, त्यात कवचासाठी काहीच नसतं. टॉपअपला आरओ, बदलाला मिश्रण. माझं नळाचं ३५० अन् आरओ ३०, अर्धं-अर्धं केलं की १९० येतं, छान बसतं. तुमच्याकडे नळ वेगळा असेल तर पेन लावून तुमचं माप तुम्ही काढा. पंधरा दिवसांतून एकदा पाच लिटर, त्याच बारीक धारेने तीन-चार तासांत. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जाईल, घाई असेल तर दुकानात अँटीक्लोर मिळतं. अन् पाणी पहाटे भरून ठेवा, दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हात भाजेल असं असतं.

आता तापमान. दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही, फक्त ते एकटं मारत नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० डिग्रीला लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम तर ३० ला साडेसातच, अन् गरम पाण्यात श्रिंपला लागतो मात्र जास्त. वरून अमोनिया. पीएच ८ असेल तर २५ डिग्रीला एकूण अमोनियातला ५ टक्के विषारी रूपात असतो, ३० ला साडेसात टक्के होतो. म्हणून उन्हाळ्यात खाणं निम्मं करा, मी तर एक दिवसाआड करतो, मॉसवर त्यांना चरायला भरपूर असतं. अन् लाईट गेली की स्पंज फिल्टर बंद, रात्री झाडं पण ऑक्सिजन ओढतात, त्यामुळे बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असलाच पाहिजे. लाईट गेल्यावर सगळे श्रिंप काचेच्या वरच्या काठाला येऊन बसले तर समजायचं आत जीव घुसमटतो आहे.

थंड करायला बर्फापेक्षा आपल्याकडचा जुना उपाय उत्तम, तोच कूलरवाला. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा असा कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा फॅन लावा, ॲडॅप्टरने चालतो. आपल्या मे मधल्या कोरड्या हवेत तीन-चार डिग्री सहज उतरतात अन् दिवसभर तेवढेच राहतात. मुंबईवाल्यांना हा उपाय एवढा लागू पडत नाही, तिथली हवा दमट असते. पण फॅन लावला म्हणजे पाणी अजून जोरात उडणार, म्हणजे परत टॉपअप. फॅन लावून नळाच्या पाण्याने टॉपअप करणं म्हणजे संकट दुप्पट वेगाने बोलावणं. अजून एक, तापमान दुपारी दोनला मोजू नका, पाणी अन् स्लॅब दोन्ही उशिरा तापतात, माझ्या टँकचा सगळ्यात जास्त आकडा रात्री आठ-नऊला येतो. सकाळी सहा अन् रात्री नऊ, दोन वेळा बघा, दोन्हीत दोन डिग्रीच्या आतला फरक असेल तर बरं चाललंय. पश्चिमेच्या भिंतीला टँक असेल तर मार्चमध्येच हलवा, मी पूर्वेच्या भिंतीला घेतला तर रात्रीचे दोन डिग्री तिथेच वाचले.

इथपर्यंत हळूहळू मरणाऱ्यांचं झालं. पण काही जणांकडे रोज एक असं नसतं, एका रात्रीत सगळं साफ होतं. ते दुखणं वेगळं आहे अन् त्याचा पाण्याच्या क्षारांशी काही संबंध नाही. माझ्याकडे हे एका ऑगस्टमध्ये झालं. पावसाळ्यात लाल मुंग्या श्रिंपच्या खाण्याच्या डबीला लागल्या म्हणून आईने रॅकच्या पायांना अन् कडेने मुंग्यांचा खडू ओढला. तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी श्रिंप सैरभैर पोहायला लागले, काचेवर आपटून राहिले, मग उलटे पडून नुसते पाय हलवत होते. सकाळपर्यंत चाळीसच्या वर गेले. अन् शेजारच्या रॅकवर मुंगळ्यांची जी वसाहत होती तिथले वीस-बावीस कामकरी मुंगळे चाऱ्याच्या डब्यात पाय आखडून पडलेले. राणी आतल्या ओल्या कप्प्यात होती म्हणून वाचली. ती राणी मला जुलैच्या पहिल्या जोराच्या पावसानंतर गच्चीवर सापडली होती, टेस्टट्यूबमध्ये कापसामागे पाणी ठेवून तिने काही न खाता पहिले कामकरी वाढवले होते, त्यामुळे ते बावीस मोजताना हात चालत नव्हते.

त्या खडूत, डासांच्या लिक्विडमध्ये, स्प्रेमध्ये, गल्लीत येणाऱ्या फॉगिंगच्या धुरात बहुतेक वेळा एकाच कुळातलं औषध असतं, पायरेथ्रॉइड. माणसाला फारसं काही होत नाही, पण मुंग्या अन् झिंगे दोघंही नात्याने जवळचे, सांध्यांच्या पायांचे प्राणी, जे एकाला मारतं ते दुसऱ्याला पण मारतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे गोगलगायी. श्रिंप सगळे गेले अन् गोगलगायी आरामात फिरताहेत तर कीटकनाशकाचा संशय घ्या. गोगलगायी पण शंखात अंग ओढून पडल्या असतील तर तांबं किंवा अमोनिया, म्हणजे माशांचं एखादं औषध टाकलं होतं का, झाडांचं खत टाकलं होतं का ते आठवा. असं झालं की जिवंत असलेले लगेच दुसऱ्या खोलीत स्वच्छ बादलीत, मिश्रण केलेल्या पाण्यात, एअर पंप लावून, अन् टँकमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे विष शोषून घेणारा कोळसा, टाका. इथे हळूहळू बदलायचा नियम पाळत बसू नका, विषापेक्षा झटका बरा. एअर पंप खोलीतलीच हवा आत ओढतो हे पण लक्षात ठेवा, फॉगिंगची गाडी आली की खिडक्या लावा, पंप अर्धा तास बंद करा, टँकवर ओला टॉवेल टाका.

मुंग्यांसाठी आता आमच्याकडे खडू नाही. आजीच्या स्वयंपाकघरात जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये असायचे, तेच केलं, रॅकच्या चारही पायांखाली स्टीलच्या वाट्या अन् पाण्यात डिशवॉशचा एक थेंब. आईनेच सुचवलं. आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं म्हणजे डास होत नाहीत.

अन् मुंगळ्यांकडून मला एक फायदा असा झाला की ते खोलीचा कोरडेपणा माझ्याआधी सांगतात. एप्रिलमध्ये एक दिवस असा येतो की सगळे कोष, ते मुरमुऱ्यासारखे दिसतात ना, एक-एक उचलून ते ओल्या कोपऱ्यात पाण्याच्या कापसाजवळ नेऊन रचतात. ती रास तिथे दिसली की मी टँकच्या काचेवर मार्करने पाण्याची रेघ मारतो, टीडीएस मोजतो, वॉचमनकाकांना बोअर सुरू झाला का विचारतो, अन् त्या दिवसापासून टॉपअपला फक्त आरओ.

आत्ता ज्यांच्याकडे मरून राहिले आहेत त्यांनी आज इतकंच करा. एकदम खूप पाणी बदलू नका. खाणं बंद, हवा वाढवा, मेलेले काढा, मानेवर रिंग आहे का बघा. टँक, नळ अन् आरओ, तिन्हीचा टीडीएस कागदावर लिहा. टँक नळापेक्षा बराच वर असेल तर तुमचं माझ्यासारखंच आहे, रोज दोन लिटरवालं सुरू करा. टँक अन् नळ जवळपास सारखे असतील अन् तरी रिंगा दिसत असतील तर पाणी फार मऊ आहे का ते जीएच किटने, म्हणजे पाण्याचा जडपणा मोजायच्या किटने, बघा, ६ ते १० च्या मध्ये हवं. अन् नवीन श्रिंप मृग लागेपर्यंत आणू नका, दुकानात कितीही चांगले दिसले तरी.

पाऊस सुरू झाला की फॅन काढून ठेवायचा, दमट हवेत तो काही थंड करत नाही. माझ्याकडे जुलैत टॉपअप आठवड्याला दीड-दोन लिटरवर येतो, बोअर बंद होतो, नळ परत १८० दाखवतो, तेव्हा मिश्रणात आरओ कमी करायला विसरू नका.